पेटाफ्लॉपमागचे भांडार

२६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘परम रुद्र’ मालिकेतील तीन महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आले. एक पुण्यातील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठी, दुसरा दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात, तिसरा कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्रात. एकूण खर्च सुमारे १३० कोटी रुपये. वृत्तपत्रांनी वेगाचे आकडे ठळक अक्षरांत छापले. दिल्लीचे यंत्र तीन पेटाफ्लॉपचे, म्हणजे सेकंदाला तीन हजार लाख कोटी आकडेमोडी करणारे. आनंद वाटावा अशीच ही बातमी होती आणि मलाही तो वाटला.

परंतु वेगाचा आकडा हे अर्धेच चित्र आहे. महासंगणक असो, विद्यापीठातला गणनसमूह असो की क्लाउडमधले एखादे भाडोत्री आभासी यंत्र असो, गणित सुरू होण्यापूर्वी प्रत्येक यंत्र एका सामायिक भांडाराकडे हात पसरते. गणिती आज्ञावली, भाषांतरक, उपकरणांचे नकाशे, अंशशोधनाच्या सारण्या, कार्यप्रणालीची मूळ प्रतिमा हे सारे त्या भांडारात असते. एकाच वेळी हजारो यंत्रे तेथून वाचतात. त्यांतल्या एकाने जरी भलतीच प्रत वाचली, तरी उत्तर वेगाने येते, पण चुकीचे येते. आणि ते चुकीचे आहे हे कुणाला कळतही नाही. असे भांडार राखायचे कसे, या प्रश्नाला सुमारे साठ वर्षांचा इतिहास आहे. तो मराठीत फारसा सांगितला गेलेला नाही, म्हणून हे थोडे दीर्घ टिपण.

सुरुवात मात्र संगणकापासून न करता दिल्लीच्या हिंदूराव परिसरापासून करतो. त्याला कारण आहे.

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर, रिजवर, आज हिंदूराव रुग्णालय उभे आहे. दिल्लीकर हे नाव रोज उच्चारतात, पण ते एका मराठी सरदाराचे आहे हे थोड्यांनाच ठाऊक असते. कागलच्या घाटगे घराण्यातले हिंदूराव हे सर्जेराव घाटग्यांचे पुत्र आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. बायजाबाईंची ग्वाल्हेरची सत्ता १८३३ मध्ये गेली. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाल्यावर त्याचा या टेकडीवरचा वाडा हिंदूरावांकडे आला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. १८५७ च्या रणधुमाळीत हाच वाडा इंग्रजांचे मोक्याचे ठाणे होता.

या वाड्याजवळ अशोकाचा एक स्तंभ आहे. मूळचा मीरतचा हा स्तंभ चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने दिल्लीत आणून टेकडीवर उभा केला. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन त्याचे पाच तुकडे झाले. ते शतकाहून अधिक काळ तसेच पडून होते. लेख कोरलेला भाग पुढे कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला, १८६६ मध्ये परत आला आणि १८६७ मध्ये तुकडे जोडून स्तंभ पुन्हा उभा राहिला.

स्तंभ फुटला, अक्षरे झिजली, तरी त्यावरचा मजकूर हरवला नाही. कारण तोच मजकूर अन्यत्रही कोरलेला होता. अशोकाचे सहा स्तंभलेख तोपरा, मीरत, अलाहाबाद, लौरिया अरराज, लौरिया नंदनगढ आणि रामपुरवा अशा सहा स्तंभांवर आढळतात. १८३४ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने दिल्ली, अलाहाबाद आणि लौरिया येथील ठसे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. लिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती. तरीही तिन्ही ठिकाणचा मजकूर एकच आहे हे त्याच्या ध्यानात आले. अर्थ कळण्याच्या तीन वर्षे आधी अभिन्नता कळली. एका ठिकाणी तुटलेले अक्षर दुसऱ्या ठिकाणावरून भरून काढता येते, हा भरवसा तेथून आला आणि १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचे कुलूप उघडले.

शिलालेखांची कथा मात्र थोडी वेगळी आहे. गिरनारसारख्या ठिकाणी असलेल्या चौदाव्या शिलालेखात अशोक स्वतःच कबूल करतो की मजकूर कुठे संक्षिप्त आहे, कुठे मध्यम, कुठे विस्तृत. आणि काही ठिकाणी लेखनिकाच्या चुकीमुळे तो अपुराही राहिला असेल. आपल्या नालासोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तेवढ्या तुकड्यावरून तो कोणता लेख हे ओळखता आले, तेही इतर ठिकाणच्या प्रती उपलब्ध होत्या म्हणूनच.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने यातून तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात. मजकूर ठरवण्याचा अधिकार एकाच ठिकाणी हवा. प्रती पुष्कळ आणि दूरदूर हव्यात, पण ज्याच्या दारी प्रत आहे त्याला ती बदलता येऊ नये. आणि दोन प्रती एकच आहेत की नाही हे, मजकूर न समजताही, पडताळता यायला हवे. संगणकशास्त्राला या तीन गोष्टी एकेक करून, बऱ्याच ठेचा खाल्ल्यावर गवसल्या.

पहिली पायरी १९६० च्या दशकातली. त्या काळी संगणक खोलीभर आकाराचा आणि अतोनात महाग असे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे यंत्र आले, तेव्हा देशभरातले संशोधक छिद्रित पत्त्यांचे गठ्ठे घेऊन कुलाब्याला येत आणि पाळीची वाट पाहत. एक यंत्र, अनेक हात हीच साऱ्या जगाची अडचण होती.

अमेरिकेत केंब्रिज येथील आयबीएमच्या विज्ञान केंद्रात रॉबर्ट क्रीसी, लेस कोमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक धाडसी उपाय काढला. यंत्राचा वेळ वाटून देण्याऐवजी त्यांनी यंत्राचा आभासच वाटून दिला. प्रत्येक वापरकर्त्याला वाटावे की हा अख्खा संगणक आपलाच आहे. त्याची स्मृती, त्याचे मुद्रणयंत्र, त्याची तबकडी, सारे आपले. प्रत्यक्षात खालचे यंत्र एकच. याला आभासी यंत्र किंवा व्हर्च्युअल मशीन म्हणतात. सीपी-४० नावाची ही प्रणाली जानेवारी १९६७ मध्ये रोजच्या वापरात आली. तिच्याच वंशातली व्हीएम/३७० आयबीएमने २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर केली.

आभासी संगणक दिला की आभासी तबकडीही द्यावी लागते. त्या काळची २३१४ जातीची एक तबकडी-चवड सुमारे २९ मेगाबाइट माहिती साठवी. आज मोबाइलने टिपलेली पाचसहा छायाचित्रे त्यात मावतील. तिचे छोटे छोटे तुकडे पाडून प्रत्येकाला एक ‘मिनिडिस्क’ देत. आता प्रश्न असा की कार्यप्रणालीच्या आज्ञावलीची प्रत प्रत्येकाच्या तुकड्यात ठेवली तर काम करायला जागाच उरणार नाही. म्हणून नियम ठरला: आज्ञावलीची एकच तबकडी सर्वांना जोडायची, पण केवळ वाचण्यापुरती. स्वतःचे लिखाण ज्याने त्याने आपल्या तुकड्यावर करायचे. सामायिक तबकडीचा क्रमांक १९०, खासगी तबकडीचा १९१. भाड्याच्या वाड्यात विहीर सामायिक आणि चूल ज्याची त्याची असावी, तसा हा बेत होता.

त्या आभासी यंत्रांत चालणाऱ्या छोट्या कार्यप्रणालीचे नाव होते केंब्रिज मॉनिटर सिस्टिम, म्हणजे सीएमएस. या आद्याक्षरांची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

दुसरी पायरी जाळ्याची. १९८० च्या दशकात संगणक टेबलावर आले आणि भांडार दूरच्या सर्व्हरवर गेले. सन कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस ही पद्धत आणली. तिच्यामुळे दूरच्या यंत्रातली फाइल आपल्याच यंत्रात असल्यासारखी उघडता येई. त्याच सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात अँड्र्यू ही प्रणाली आकार घेत होती. तिच्या शिल्पकारांत महादेव सत्यनारायणन हे भारतात शिकलेले संगणकशास्त्रज्ञ अग्रभागी होते. हजारो विद्यार्थ्यांनी दर वेळी सर्व्हरचे दार ठोठावले तर तो कोसळेल, हे ओळखून त्यांनी एकदा वाचलेली फाइल वाचणाऱ्याच्याच यंत्रात तात्पुरती साठवून ठेवायची रीत घातली. संगणकाच्या परिभाषेत हा ‘कॅश’. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेनेही पुढे अनेक वर्षे हीच प्रणाली वापरली.

दरम्यान आभासी यंत्राची कल्पना मोठ्या संगणकांपुरती उरली होती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ती साध्या संगणकावर आणली. पाठोपाठ २००३ मध्ये झेन आणि २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेली केव्हीएम आली. आता कोणालाही दुपारच्या चहाआधी पन्नास आभासी यंत्रे उभी करता येऊ लागली, आणि साठवणीचा जुना प्रश्न नव्या जोमाने परतला.

त्याचे गणित साधे आहे. एका आभासी यंत्राची प्रतिमा, म्हणजे त्याची अख्खी तबकडी असलेली फाइल, २० गिगाबाइटची धरू. अशी हजार यंत्रे स्वतंत्र ठेवली तर २० टेराबाइट लागतील, आणि त्यांतला बहुतांश भाग शब्दशः सारखाच असेल. उपाय १९७२ च्याच जातीचा. एक गाभा-प्रतिमा सर्वांनी वाचायची, तिला कुणी हात लावायचा नाही. ज्याला बदल करायचा आहे त्याने फक्त बदललेला तुकडा आपल्या वहीत उतरवून घ्यायचा. प्रत्येकाचा बदल एक गिगाबाइटचा धरला तर सारे मिळून एक टेराबाइटच्या थोडे वर जाते. म्हणजे जागा वीसपट वाचते. यात धोकाही तितकाच मोठा आहे. ती गाभा-प्रतिमा कुणी ‘जरा सुधारू या’ म्हणून बदलली, तर तिच्यावर विसंबलेली हजारही यंत्रे एका क्षणात निकामी होतात. घरातली भिंत परस्पर सरकवता येते. पायाचा दगड सरकवता येत नाही.

हा धोका काल्पनिक नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकातून सुमारे ७७ टेराबाइट माहिती पुसली गेली. फाइलींची संख्या साडेतीन कोटींच्या घरात होती आणि १४ संशोधनगटांना झळ बसली. हल्ला झाला नव्हता, तबकडीही बिघडली नव्हती. जुन्या नोंदी साफ करणारी एक आज्ञावली चालू असतानाच तिच्या जागी सुधारित आवृत्ती लिहिली गेली. चालते यंत्र अर्धी जुनी आणि अर्धी नवी आवृत्ती वाचत गेले. काय पुसायचे ते सांगणारी नावे रिकामी राहिली आणि समोर येईल ते पुसले गेले. वाचणारा वाचत असताना त्याच्या हातातल्या पानावर दुसऱ्याने लिहिले, एवढाच काय तो अपराध.

आता तिसऱ्या पायरीकडे वळू. तिच्यासाठी हिंदूरावाच्या टेकडीवरून फार लांब जावे लागत नाही. रिजच्या पायथ्याला, पायी जाण्याच्या अंतरावर दिल्ली विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग आहे. तेथील अध्यापक आणि विद्यार्थी सर्नच्या सीएमएस प्रयोगात सहभागी आहेत. हा दुसरा सीएमएस. केंब्रिजच्या कार्यप्रणालीशी त्याचे नाते नुसत्या आद्याक्षरांचे. याच प्रयोगात टाटा संस्था, भाभा अणुसंशोधन केंद्र, चंदीगडचे पंजाब विद्यापीठ, पुण्याची आयसर अशा अनेक भारतीय संस्था आहेत. प्रयोगातून निघणारा विदा एका ठिकाणी मावणारा नव्हता, म्हणून जगभरच्या गणनकेंद्रांचे जाळे विणले गेले. आज चाळीसहून अधिक देशांतली सुमारे १७० केंद्रे त्यात आहेत. भारतातून मुंबईची टाटा संस्था सीएमएससाठी आणि कोलकात्याचे व्हीईसीसी ॲलिस या प्रयोगासाठी हा भार उचलतात.

एवढ्या केंद्रांत विदा पोचवणे एक वेळ सोपे. अवघड होते ते आज्ञावलींचे भांडार सर्वत्र एकसारखे ठेवणे. सीएमएसच्या आज्ञावलीची एकेक आवृत्ती कित्येक गिगाबाइटची आणि असंख्य बारीक फाइलींची. नव्या आवृत्त्या वरचेवर निघत. प्रत्येक केंद्रातल्या व्यवस्थापकाने ती उतरवून घ्यायची, सामायिक कप्प्यात बसवायची आणि ‘बसली’ असे कळवायचे. एखादे केंद्र मागे राही, एखाद्या ठिकाणी बसवणे अर्धवट होई. शिवाय हजार गणिते एकदम सुरू झाली की सारी त्या एका कप्प्यावर तुटून पडत. प्रत्यक्ष वाचन थोडेच होई. ‘ही फाइल आहे का, कुठे आहे’ या विचारणांनीच सर्व्हर मेटाकुटीला येई.

सर्नमध्ये २००८ पासून आभासी यंत्रांवर जे काम सुरू झाले, त्यातून यावर उतारा निघाला. प्रेद्राग बुन्चिच आणि याकोब ब्लोमर ही त्यातली प्रमुख नावे. प्रणालीचे नाव सर्न-व्हीएम फाइल सिस्टिम, संक्षेपाने सीव्हीएमएफएस. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे.

लिहिण्याची जागा एकच, तिला शून्य-स्तर म्हणतात. नेमलेल्या व्यक्तीशिवाय तेथे कुणी लिहू शकत नाही, आणि लिहिणे झाले की संपूर्ण आवृत्ती एकदम प्रकाशित होते. अर्धवट काही दिसत नाही. शून्य-स्तराच्या हुबेहूब प्रती काही मोजक्या प्रयोगशाळांत असतात. ब्रिटनची रदरफर्ड ॲपलटन, अमेरिकेच्या ब्रुकहेवन आणि फर्मीलॅब या त्यांतल्या. हा पहिला स्तर. त्याखाली प्रत्येक गणनकेंद्राचा आपला मध्यस्थ कॅश, आणि सर्वांत खाली वाचणाऱ्या यंत्राचा स्वतःचा कॅश. वाचणाऱ्याला वाटते, अख्खे भांडार माझ्याच तबकडीवर आहे. प्रत्यक्षात तो जे पान उघडतो तेवढेच त्याच्यापर्यंत येते, तेही बहुधा शेजारच्या कॅशमधून. कार्यप्रणालीसुद्धा अशीच पुरवता येते, हे पुढे ध्यानात आले. तेव्हा सुमारे २० मेगाबाइटचे बीज घेऊन आभासी यंत्र जागे होऊ लागले आणि उरलेले सारे गरजेनुसार भांडारातून मागवू लागले.

मला सर्वाधिक मोह पडतो तो यातल्या पडताळणीचा. या भांडारात फाइल तिच्या नावाने ठेवलेली नसते, तिच्या मजकुराच्या ठशाने ठेवलेली असते. मजकुरावर एक ठरावीक गणिती प्रक्रिया केली की चाळीस अक्षरांचा एक ठसा, म्हणजे हॅश, मिळतो. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. दोन फाइलींचा ठसा एक असेल तर त्या एकच समजून भांडारात एकदाच साठवल्या जातात, त्यामुळे जागा आपोआप वाचते. फाइलींच्या ठशांची सूची, त्या सूचीचाही ठसा, असे करीत शेवटी एकच ठसा उरतो आणि त्यावर शून्य-स्तराची अंकीय स्वाक्षरी असते. प्रत मुंबईहून आली की तैवानहून, वाटेत कुणी छेडली की नाही, हे वाचणारे यंत्र स्वतः तपासते. त्याला मजकूर समजण्याची गरज नसते. १८३४ मध्ये प्रिन्सेपने न वाचता येणारे लेख शेजारी ठेवून जे केले, त्याच जातीची ही पडताळणी.

मराठी वाचकाला आणखी जवळचे उदाहरण द्यायचे तर शिवकालीन पत्रांचे देता येईल. पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे आणि मजकूर जेथे संपे तेथे ‘मर्यादेयं विराजते’ अशी छोटी मुद्रा उमटवली जाई. तिला मोर्तब म्हणत. मजकुराची हद्द येथे संपली, यापुढे कुणी एक ओळ घुसडली तर ती खोटी समजावी, असा तिचा अर्थ. पत्र नेणाऱ्या जासुदावर विश्वास ठेवण्याची मग आवश्यकता नाही. विश्वास मोर्तबावर ठेवायचा. सीव्हीएमएफएसची स्वाक्षरी हे त्या अर्थाने आजचे मोर्तब आहे.

याचा प्रत्यक्ष लाभ काय? दिल्लीतली एखादी पीएचडीची विद्यार्थिनी आपल्या लॅपटॉपवरच्या आभासी यंत्रात जी आज्ञावली चालवते, तीच, अक्षर न् अक्षर तीच, कुलाब्यात आणि जिनिव्हात चालते. तिचे उत्तर वेगळे आले तर दोष यंत्राचा नाही, हे तिला छातीठोकपणे म्हणता येते. इतकेच नव्हे, जुन्या आवृत्त्याही भांडारात राखता येतात. सर्नच्या आधीच्या एलईपी या त्वरकाचे काम २००० साली थांबले. त्यावरच्या अलेफ प्रयोगाची जुनी आज्ञावली अशाच आभासी यंत्रात, तिच्या काळच्या कार्यप्रणालीसह, पुन्हा चालवून दाखवण्यात आली. विदा जपणे आणि विदा वाचता येईल असे जपणे, यांत हा फरक आहे.

महाराष्ट्रापुरते पाहायचे तर नारायणगावजवळच्या खोडदला जावे. तेथील जीएमआरटी म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण. एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्झ वारंवारितेवर आकाशाची मोठी पाहणी केली. निरीक्षणे पुराभिलेखात जपून ठेवली होती. पुढे हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी तीच निरीक्षणे नव्या, अधिक कुशल आज्ञावलीने पुन्हा चाळली आणि २०१७ मध्ये सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची सूची प्रसिद्ध झाली. दुर्बिणीचे एक मिनिटही नव्याने खर्च झाले नाही. त्या आज्ञावलीच्या पोटात १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जन्मलेले जुने रेडिओ-खगोलशास्त्रीय सॉफ्टवेअर होते. म्हणजे पुण्याने विदा जपला आणि कुणीतरी ती जुनी आज्ञावली चालती ठेवली, म्हणून जगाला नवे आकाश मिळाले. यातले एक जरी नसते तरी दुसरे निरुपयोगी होते.

याच्या उलटही घडते. एका संस्थेत मी पाहिले आहे: विद्यार्थ्याने पाच वर्षे केलेले गणित, प्रबंध स्वीकृत, निबंध छापलेला. दोन वर्षांनी दुसऱ्या विद्यार्थ्याला तेच गणित पुढे न्यायचे होते. विदा शाबूत होता, आज्ञावली शाबूत होती. पण ती ज्या सामायिक आज्ञासंचावर उभी होती, तो मधल्या काळात ‘अद्ययावत’ करून जुना पुसला गेला होता. उत्तर चौथ्या दशांशस्थळी बदलले, आणि जुने बरोबर की नवे हे सांगायला कोणताच आधार उरला नाही. ते काम सोडून देण्यात आले. यात कुणा एकाचा दोष काढावा असे काही नाही. त्या भांडाराचा राखणदार म्हणून कुणाचीच नेमणूक नव्हती, एवढेच.

येथे माझा मुद्दा येतो. राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने मंजूर झाले आणि त्यातून देशात यंत्रे उभी राहिली, हे स्वागतार्हच आहे. १९९१ मध्ये परम ८००० घडवणाऱ्या पुण्याच्या सी-डॅककडे तो वारसा आहे. परंतु यंत्राचे आयुष्य सहा-सात वर्षांचे असते. त्यानंतर ते मोडीत निघते आणि नवे येते. भांडाराने मात्र यंत्रांच्या पिढ्या ओलांडायच्या असतात. मीरतचा स्तंभ फुटूनही त्यावरचा मजकूर उरला, याचे श्रेय त्या दगडाचे नाही. प्रती करवून त्या जागोजागी उभ्या करणाऱ्या व्यवस्थेचे आहे.

ही व्यवस्था माणसांची असते. शून्य-स्तरावर लिहिण्याचा अधिकार कुणाकडे, कोणती आवृत्ती केव्हा प्रकाशित करायची, जुनी किती वर्षे ठेवायची, हे कुणीतरी रोज ठरवावे लागते. या कामावर शोधनिबंध निघत नाही, त्याला पुरस्कार नाही, आणि पदोन्नतीच्या अर्जात त्याच्यासाठी रकाना क्वचितच असतो. ग्रंथपालाविना ग्रंथालय चालत नाही हे आपण मान्य करतो. भांडारपालाविना गणनकेंद्र चालते असे मात्र गृहीत धरतो.

प्रश्न लवकरच अधिक निकडीचा होणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली. गुरुत्वलहरींच्या शोधात सामील असलेली जगभरची यंत्रे आजही आपले भांडार याच सीव्हीएमएफएसमधून वाचतात. पुण्याच्या आयुकाकडे त्या विश्लेषणाचा अनुभव आहे. औंढ्याहून पहिला संकेत येईल तेव्हा आपण दुसऱ्याच्या भांडाराचे केवळ वाचक असू, की एका शून्य-स्तराचे राखणदारही असू, हे आज ठरते आहे. इमारतीच्या पायाभरणीइतकेच नेमणुकांच्या यादीत ठरते आहे.

म्हणून एक सुचवतो. पुढच्या वेळी नव्या महासंगणकाची बातमी आली की पेटाफ्लॉप जरूर वाचा. मग दोन प्रश्न विचारा: याच्या सामायिक भांडारावर लिहिण्याचा अधिकार कुणाचा? आणि आज येथे निघालेले उत्तर दहा वर्षांनी, हे यंत्र मोडीत गेल्यावर, त्याच आज्ञावलीने पुन्हा काढून पाहता येईल का? जे संशोधक हे वाचत असतील त्यांच्यासाठी याहून लहान काम आहे. पुढच्या निबंधात यंत्राच्या नावाखाली एक ओळ वाढवा: कोणता आज्ञासंच, कोणती आवृत्ती, कोणता ठसा. आपल्यानंतर ते गणित हाती घेणाऱ्याला त्या एका ओळीवरून खरी प्रत ओळखता येईल.